नंदुरबारचे वलंदेज

प्रत्येक माणसाला पूर्वज असतात, आणि बहुतेकांना ते न विचारता मिळालेले असतात. ही गैरसोय दूर करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न आमच्या भागात झाला, हे बाहेरच्या जगाला अद्याप कळलेले नाही. मंडळाचा चिटणीस या नात्याने ती माहिती देणे मला भाग आहे. मी निवृत्त शिक्षक असून माझे अक्षर चांगले आहे. (चिटणीसाला स्वतःचे पूर्वज असण्याची तरतूद आमच्या घटनेत नाही, त्यामुळे मला निःपक्षपातीपणे लिहिता येते.)

हकीकत १९३५ सालची. लोणखेड्याचे हिंमतराव पाटील हे मोठे जमीनदार. त्यांच्या शेतात नांगराला पांढऱ्या मातीची, लांब दांडीची एक चिलीम लागली. दौऱ्यावर आलेल्या एका गोऱ्या साहेबाने ती उलटसुलट पाहिली आणि सांगितले, की ही कदाचित हॉलंडच्या व्यापाऱ्यांची, म्हणजे वलंदेजांची असेल. ते पूर्वी सुरतेहून माल घ्यायला इकडे येत. साहेबांचा 'कदाचित' हा शब्द जागेअभावी इतिवृत्तात घेता आला नाही. साहेब गेले आणि हिंमतराव आरसा घेऊन बसले. त्यांचे डोळे घारे आहेत.

"आम्हना डोया पाहा, गुरुजी," ते मला म्हणाले. "हाई डोया काय उगाच घारा शेतस?"

त्यांच्या मातोश्री मंगलाबाई चुलीपुढून म्हणाल्या, "हाई डोया मन्हा बापना शेतस. तो खापरना व्हता."

यावर साधकबाधक विचार झाला. खापर गुजरातच्या हद्दीला लागून आहे. हद्दीपलीकडे पुढे सुरत आहे. सुरतेला वलंदेजांची वखार होती. तेव्हा मंगलाबाईंचे वडीलही वलंदेजच असले पाहिजेत. अशा रीतीने हिंमतराव दोन्ही बाजूंनी वलंदेज झाले. मंगलाबाईंनी मात्र त्या दिवशी चूल लवकर विझवली.

महिन्याभरात आजूबाजूच्या गावांतून इतके घारे डोळे पुढे आले की मंडळ काढण्यावाचून इलाज उरला नाही. त्याचे नाव 'वलंदेज व जर्मन वंशशोधक मंडळ' असे ठेवले. जर्मन कसे आले, असा प्रश्न काही हेकट लोक विचारतात. वलंदेजांच्या चाकरीत पुष्कळ जर्मन असत, असे शहाद्याच्या एका वकिलांनी सांगितले होते. आणि ज्यांचे हिंमतरावांशी बांधावरून भांडण होते त्यांना वलंदेज होणे शक्यच नव्हते. त्यांची सोय पाहणे मंडळाचे काम होते. पहिल्या वर्षअखेर सभासद एकशे त्रेचाळीस. पैकी वलंदेज शहाण्णव, जर्मन एकेचाळीस, आणि मुलीचे लग्न ठरेपर्यंत निर्णय राखून ठेवलेले सहा.

नियम सोपे होते. डोळे घारे असावेत. नसल्यास घरात कोणाचे तरी होते असे शेजाऱ्याने सांगावे. शेजारी सांगत नसल्यास तो जर्मन पक्षाचा समजावा. घरात जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, पातेले असणे हा पुरावा धरला जाणार नाही. (या एका नियमाने बावीस अर्ज बाद झाले आणि बायकांमध्ये फार नाराजी पसरली.)

खरा आधार मात्र वहीचा. आमच्याकडच्या शेतकरी घराण्यांच्या वंशावळी बारोट लोक सांभाळतात. सुगी झाली की ते वही घेऊन येतात, ओट्यावर बसून पिढ्या वाचतात, नवी बाळे चढवतात आणि शिधा घेऊन पुढच्या गावाला जातात. आमचे चुनीलाल बारोट हे या विद्येतले जाणते गृहस्थ. त्यांच्या लाल कापडाच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या दोन नावांच्या मध्ये बोटभर कोरी जागा सोडण्याची पद्धत आहे. एखाद्या घराण्याला पुढेमागे गरज पडली तर ऐनवेळी धावपळ नको, एवढाच तिचा हेतू. हिंमतरावांनी भीतभीत विचारले तेव्हा चुनीलाल चष्मा पुसून म्हणाले, "वहीमा जगा छे, पाटील."

त्या सुगीत चुनीलालांनी एकशे सदतीस परदेशी पूर्वज योग्य त्या पिढीत बसवले. निर्णय राखून ठेवलेल्या सहांसाठी नाव लिहून देश मोकळा सोडला.

आता मंडळापाशी वंशज होते, वही होती, रबरी शिक्का होता. उणीव एकच होती: गावात एकही वलंदेज मेल्याची खूण नव्हती. मंडळाची एखादी कबर असावी, तिच्याभोवती फुलझाडे असावीत, वर्षातून एकदा सर्वांनी पागोटी बांधून तिथे गंभीर उभे राहावे, असे सर्वांना मनापासून वाटत होते. अशी कबर नंदुरबारात होती. अडचण एवढीच, की ती बशीर रंगाऱ्याच्या अंगणात होती.

बशीरचे घर रंगारी गल्लीच्या टोकाला. पुढे दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात जमिनीत पुरलेले रंगाचे रांजण. काठी गावच्या होळीला निघालेले लोक याच अंगणातून फडकी आणि पागोटी रंगवून नेत. रांजणांच्या पलीकडे एक लांबट दगड होता, त्यावर झिजलेली, कोणाला न वाचता येणारी अक्षरे. बशीरच्या घरचे लोक त्याला साहेबबाबा म्हणत. दर गुरुवारी तो धुतला जाई आणि त्याच्यापुढे ऊद जाळला जाई. त्या घराण्यात एक पिढी बशीर आणि एक पिढी रमजान, याबाहेर थोरल्या मुलाचे नाव गेलेले नाही. जागा मात्र त्यांच्या नावावर कोणत्याही कागदात चढलेली नव्हती, कारण आजवर कोणी विचारले नव्हते.

मंडळाने विचारले. बशीरने रांजण हलवून अंगण आणि दोन्ही खोल्या स्मारकोद्यानासाठी मोकळ्या कराव्यात, असा ठराव एकमताने झाला. तो वाचून दाखवायला मीच गेलो होतो. बशीर रांजणातला रंग ढवळत राहिला. त्याची बायको नईमा बोलली.

"दर जुमेरातले हाऊ दगड मी धुस, गुरुजी. पानी मन्हं, ऊद मन्हा. नि आते आजा तुम्हना?"

मी तिला समजावले की हा प्रश्न भावनेने सोडवायचा नसून शास्त्राने सोडवायचा आहे. दगडावर कागद ठेवून, वरून कोळसा घासून अक्षरांचा ठसा घेतला आणि मुंबईच्या एका विद्वान पाद्रीबुवांकडे पाठवला. त्यांचे उत्तर यायला तीन वर्षे लागली. (विद्वत्तेला घाई चालत नाही.) तोवर आम्ही फुलझाडांचा नकाशा काढून घेतला आणि सभासदांची यादी सुवाच्य अक्षरात कचेरीत पाठवून आमची सरकारदरबारी नोंद व्हावी, अशी विनंती केली.

पाद्रीबुवांचे पत्र १९३९ च्या ऑगस्टात आले. त्यात दगडाचा मजकूर असा दिला होता: 'योहान, हॅम्बुर्गचा, कंपनीचा रंगपारखी. नंदुरबारी तापाने वारला. मागे बायको, एक मुलगी. दगड बसवला जावई रमजान रंगारी याने.'

पत्र मी सभेत वाचून दाखवले. एकशे त्रेचाळीस सभासदांच्या मंडळाला अखेर एक अस्सल जर्मन सापडला होता आणि त्याचा एकमेव सिद्ध झालेला वंशज मंडळाचा सभासद नव्हता. बशीरचा अर्ज आलेला नसल्याने त्याला वंशज मानता येत नाही, असा मुद्दा कोणी तरी मांडला आणि तो मान्यही झाला. बशीरला जागा खाली करण्याची अखेरची सूचना द्यायचे ठरले. सूचनेचा मसुदा मी लिहायला घेतला, तेवढ्यात युद्ध सुरू झाले.

युद्धाचा आमच्या संशोधनावर फार अनिष्ट परिणाम झाला. जर्मन वंशाच्या इसमांची चौकशी करावी, असा हुकूम कचेरीत आला. इतर ठिकाणी अशी यादी करताना अधिकाऱ्यांची दमछाक होत असेल. इथे ती तयार होती, माझ्याच अक्षरात, अनुक्रमांकासह. एकेचाळीस जर्मन त्याच दिवशी वलंदेज झाले. बांधावरची जुनी भांडणे मिटली. हिंमतरावांनी स्वतः दोघांना मिठी मारली. मंडळात इतका एकोपा मी पूर्वी पाहिला नव्हता.

जमादार आला तो यादी घेऊन घरोघर फिरला. प्रत्येकाने एकच उत्तर दिले, की जर्मन इथे एकच आहे आणि तो रंगारी गल्लीत राहतो. दुपारी सगळे बशीरच्या अंगणात जमले.

"बशीर," जमादाराने विचारले, "हाऊ दगडमातला माणूस तुन्हा कोन?"

हिंमतराव मनाने वाईट नाहीत. ते पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "कोनीच नही म्हन, बशीर. एक शब्दनं काम शे. सुटी जाशी."

बशीरने निळे हात लुंगीला पुसले. "तो कोठला व्हता ते माले माहीत नही, साहेब. पन तो मन्हा शे. ईदले पहिली फातेहा त्यान्हा नावनी ऱ्हास. त्याले नही कसं म्हनू?"

जमादाराने पंचनामा केला. 'इसम जर्मन. भाषा अहिराणी. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. शत्रूशी पत्रव्यवहार: लिहिता येत नाही. हत्यार: रंग ढवळण्याचा दांडा, एक.' दर शुक्रवारी नमाज झाल्यावर ठाण्यात हजेरी लावण्याची अट पडली. युद्ध संपेपर्यंत बशीरची एकही हजेरी चुकली नाही. ठाण्यातल्या लोकांचे फेटे त्या काळात उत्तम रंगलेले असत, हे सर्वांनी पाहिले आहे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात जर्मनांनी हॉलंडही घेतले. आता वलंदेज हे मित्र धरायचे की शत्रू, हे खात्रीने सांगणारा कोणी भेटेना. सभासद चुनीलालांकडे धावले: नावे खोडा. चुनीलालांनी कानाला हात लावला. वहीत चढलेले नाव खोडणे हे त्यांच्या कुळात पाप समजतात. रात्रभर विचार करून तोड काढली आणि सकाळी त्यांनी प्रत्येक परदेशी पूर्वजापुढे एकच शब्द लिहिला: निपुत्रिक. एका दिवसात एकशे त्रेचाळीस पूर्वज मूलबाळ न होता वारले. त्यांच्या खालच्या पिढ्या कोणाच्या, हे वही सांगत नाही आणि विचारण्याइतका उद्धट माणूस आमच्याकडे नाही.

तेव्हापासून मंडळ शांत होते. गेल्या पावसाळ्यात देश स्वतंत्र झाला आणि ते नव्या उत्साहाने उभे राहिले. आता त्याचे नाव 'मूळ रहिवासी मंडळ' आहे. शिक्का नवा केला, फुलझाडांचा नकाशा तोच ठेवला. गावची जागा गावच्या माणसाला मिळावी, हे मंडळाचे धोरण आहे. त्याप्रमाणे रंगारी गल्लीच्या टोकाची जागा एका बाहेरच्या इसमाने अडवली असून ती मोकळी करावी, असा अर्ज तयार झाला आहे. पुरावा भक्कम आहे. आपण बाहेरच्याचे वंशज आहोत, हे त्या इसमाने स्वतःच्या तोंडाने, पंचांसमक्ष, कबूल केले आहे. इतर कोणाविरुद्ध असा पुरावा नाही.

अर्जाचे कळल्यावर नईमा माझ्या घरी आली. "गुरुजी, तुम्हीन तं तो दगड वाचेल शे ना?" तिने विचारले.

मी हो म्हणालो.

"मंग?"

मला लाज वाटली. (लाजेची नोंद इतिवृत्तात करीत नाहीत.) मी तिला पाणी विचारले. ती पाणी न घेता गेली. मग मी अर्जाची स्वच्छ प्रत केली, कारण माझे अक्षर चांगले आहे.

अर्जावर दीडशे सह्या झाल्याशिवाय तो कचेरीत द्यायचा नाही, असा ठराव आहे. एकशे एकोणपन्नास झाल्या. मंगलाबाईंनी अंगठा द्यायला नकार दिला आणि चिटणीसाची सही धरत नाहीत. एक जागा उरली आहे. तुम्ही इथवर वाचत आलात, मध्ये तीनचारदा हसलातही, आणि बशीरच्या बाजूने अजून एक शब्द बोलला नाहीत. म्हणजे माणूस समजूतदार दिसता. तुमचे पूर्वज कुठून आले, हे आम्ही विचारणार नाही. इथे, या ओळीवर, सही करा.