डॉक्टर लांबशेप्यांची पावडर

एका जंगलात, बाळांनो, अस्वलशेठनी लोकरीसाठी ससे पाळले होते. स्वतःच्या अंगावर एवढे केस असताना लोकर कशाला, असं विचारू नका. शेठला कोणी विचारत नसतं.

शेठचा नियम एकच. दर पौर्णिमेला पिल्लांची वजनं व्हायची. हलकं भरलेलं पिल्लू लांडग्याकडे पोचतं व्हायचं.

ठकूबाई सशिणीचा टिंगू मुळातच किडकिडीत. तिचा जीव टांगणीला.

आता सशांची एक रीत असते. पहाटेची मऊ लेंडी ते तिथल्या तिथे खाऊन टाकतात. नाकं मुरडू नका. पहिल्या खेपेला अंगी न लागलेलं सत्त्व, खनिजं, सगळं दुसऱ्या खेपेला लागतं. पिल्लं त्यावरच बाळसं धरतात.

तेवढ्यात शहरात तीन महिने शिकून डॉक्टर लांबशेपे आले. हे कोल्हे होते.

"शी," ते म्हणाले. "कुठल्या काळात राहता तुम्ही?"

त्यांनी लहानथोर सगळ्यांच्या मानेत पत्र्याची चकती बांधली. तोंड मागे वळेना. आठवड्यात पिल्लं मलूल झाली.

"खनिजांची कमतरता," डॉक्टर म्हणाले आणि पावडरीच्या डब्या वाटल्या. पिल्लं जराशी हुशारली. टिंगू तसाच.

एका सकाळी ठकूबाईने पाहिलं, तर डॉक्टर पिंजऱ्यांखालच्या लेंड्या झाडून खडकावर वाळत घालत होते.

"डॉक्टरसाहेब, हे तर आमचंच."

"होतं. आता दळणार, वर पुदिना घालणार."

ठकूबाई शेजारच्या गोदीकडे धावली. "गोदे, मेला आपलंच आपल्याला चारतोय. पिल्लाची चकती काढ."

"तू गावंढळ ती गावंढळच राहणार," गोदी म्हणाली. "आमचं पिल्लू डॉक्टरांकडचं खातं, म्हटलं."

ठकूबाईने टिंगूच्या चकतीची दोरी गुपचूप कुरतडली. नुसती वरवर अडकवून ठेवली.

पौर्णिमा आली. टिंगू सगळ्यांत वजनदार भरला. शेठ खूश.

डॉक्टर हळूच वाकले. "ठकूबाई, दोरी कुरतडलेली दिसतेय."

"दिसतेय खरी. आणि खडकावर काय वाळतंय, तेही दिसतंय."

"काय चारलंस गं याला?" शेठनी विचारलं.

ठकूबाईने टिंगूकडे पाहिलं. चकती काढली म्हटलं, तर लांडग्याचं घर लांब नव्हतं.

"डॉक्टरांची पावडर," ती म्हणाली.

"माझी पावडर," डॉक्टरही त्याच दमात म्हणाले.

मग गोदीचं पिल्लू काट्यावर चढलं. हलकं भरलं. त्याला नेलं.

गोदी रडत ठकूबाईच्या गळ्यात पडली. "माझंच चुकलं गं. मी अर्धाच चमचा देत होते."

ठकूबाईने टिंगूची चकती तेवढी सरळ केली.

तात्पर्य : बाळांनो, घाणेरड्या सवयी ताबडतोब सोडाव्यात. त्याशिवाय शिकलेल्यांना त्या वाळवून, दळून, डबीत भरून आपल्याला परत कशा देता येतील? ज्यांना सोडवत नसतील, त्यांनी घरात चालू ठेवाव्यात आणि चारचौघांत डबीचं कौतुक करावं. म्हणजे पोरं धष्टपुष्ट होतात. आपली.