गोवर्धनभाऊंची खुर्ची

मे महिन्यात दुपारी दीड वाजता मूर्तिजापुरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा वेळी किसनराव मास्तर डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, वॉर्डाच्या वाचनालयाच्या दाराला कान लावून उभे होते. दाराला तीन कुलपं होती आणि तिन्ही जागच्या जागी होती. तरी आत कोणीतरी बोलत होतं.

"आलं का ऐकू?" मागून केशवराव कुजबुजले.

एकाचा आवाज नव्हता तो. चार-पाच जण दबक्या सुरात एकच काहीतरी म्हणत होते आणि मध्येच थांबत होते. थांबले की टेबलावर वाजे, टक्, टक्, टक्.

बेबीताईंनी पदर तोंडाशी नेला. "गोवर्धनभाऊच हायेत! त्याईची अंगठी अशीच वाजे."

गोवर्धनभाऊ बावीस वर्षं या वाचनालयाचे अध्यक्ष होते. किल्ली एकच, ती त्यांच्या करदोट्याला. नियम तेच करत, मोडला म्हणून बंदी तेच घालत, आणि बंदीविरुद्ध दाद मागायला गेलं की सुनावणीही त्याच खुर्चीत तेच घेत. एकाला तर त्यांनी वाचताना खोकल्याबद्दल सहा महिने बंदी घातली होती. मागच्या वर्षी ते वारले, तेव्हा नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या किसनरावांनी भर सभेत सांगितलं, "देशाची सत्ता एका हाती नसते, तर आपल्या वाचनालयाची काहून?" नियम करणं त्यांच्याकडे आलं, ते पाळून घेणं बेबीताईंकडे आणि तक्रारींचा निवाडा केशवरावांकडे. कुलपं तीन, किल्ल्या तीन, प्रत्येकाने आपलं कुलूप आपल्याच हाताने उघडायचं, हा नियम सात. मास्तरांना आयुष्यात एवढा अभिमान दुसऱ्या कशाचा वाटला नव्हता.

आणि आता गल्लीत बोभाटा झाला होता, की गोवर्धनभाऊंना ही तीन कुलपं मानवलेली नाहीत.

"भूत-बीत काही नसते," मास्तर म्हणाले. "चला, उघडू."

"माही किल्ली घ्या," केशवरावांनी हात लांब करून किल्ली दिली, पाय मात्र मागेच ठेवले.

"आवो, पन नियम सात..."

"नियम सात गेला चुलीत! माहीबी घ्या," बेबीताईंनी दुसरी किल्ली त्यांच्या मुठीत कोंबली. "अन् आता तुमच्याजवळच ठेवा तिन्ही. कायमच्या. तुमी म्हनान ते खरं."

पहिलं कुलूप निघालं. दुसऱ्याला आतली कुजबुज एकदम थांबली. तिसऱ्याला मास्तरांनी दोनदा चुकीची किल्ली लावली, मग तेही निघालं.

उन्हातून आल्यावर आत अंधारच वाटला. बाहेर सगळं गाव भाजून निघत असताना इथे मात्र गार होतं, आणि ते गार त्यांना आवडलं नाही. पंखा आपसूक मंदावत होता, जणू कोणी आत्ताच बटण बंद केलं होतं. टेबलावर पुस्तक उघडं पडलेलं. माणूस कुठेच नाही. मास्तर मागे सरकत हाताशी आलेल्या खुर्चीत बसले. ती गोवर्धनभाऊंची होती.

खुर्ची मोठी बसकी आणि सुखाची होती. पाठ टेकताच भीती ओसरली. मुठीत तिन्ही किल्ल्या होत्या. 'एका हाती असल्या तर काय बिघडते?' त्यांच्या मनात आलं. 'हात चांगला असला म्हंजे झालं. आपला तर चांगलाच हाये.' त्यांनी नकळत किल्ली टेबलावर आपटली. टक्, टक्, टक्.

"कोन हाये रे तिकडं?" ते गरजले. "नाव सांगा! आजपासून बंदी!"

तो आवाज त्यांचा नव्हता. तो हुबेहूब गोवर्धनभाऊंचा होता. मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"आवो, पयले उठा त्या खुर्चीतून," कपाटामागून कोणीतरी म्हणालं.

मास्तर उठले नाहीत, उडालेच. कपाटामागून त्यांची बायको शालू बाहेर आली, हातात लाकडी पट्टी घेऊन.

"तू? इथं? आली कोठून?"

"मांगच्या खिडकीतून. मैना, भागीरथा अन् बाकीच्या भाजीवाल्याबी त्याच वाटेनं पळाल्या आता. दुपारी भाजीले गिऱ्हाईक नसते, तं आमी वाचाले येतो. मैना शब्दाले अडली का ही पट्टी वाजते."

"चोरून काहून? दार होतं ना!"

"आठ महिन्यांत चारदा उघडलं तुमचं दार. एक असला का दुसरा अकोल्याले, दुसरा आला का तिसरा लग्नाले. तुमी तिघाईनं एकमेकाईले अडवलं, ते चांगलंच केलं. पन संग आमालेबी अडवलं ना."

"अन् परवानगी?" मास्तरांनी जुन्या सवयीने विचारलं.

शालूने नोंदवही पुढे सरकवली. 'परवानगी देणाऱ्याचे नाव' हा रकाना त्यांनीच आखला होता. त्यात रोजच्या तारखेसमोर वेड्यावाकड्या अक्षरांत एकच शब्द होता, आम्ही.

"तुमीच शिकवलं व्हतं मले," शालू म्हणाली. "संविधानाचा पयला शब्द."

तीस वर्षं वर्गात शिकवलेला तो शब्द मास्तर पहिल्यांदाच वाचत असल्यासारखे बघत राहिले. त्यांना आपलीच लाज वाटली. मग ते दाराकडे वळले.

"मास्तर, जित्ते हायेत का?" बाहेरून केशवरावांनी विचारलं. "भूत व्हतं का?"

"व्हतं," मास्तर उंबऱ्यावर येऊन म्हणाले. "दोन मिनिटं माह्याच अंगात व्हतं. धरा आपापल्या किल्ल्या."

दारावरची तीन कुलपं आजही तशीच आहेत. फक्त तिघांच्या सह्यांनी एक नियम वाढला, की मागची खिडकी कोणी बंद करायची नाही. गोवर्धनभाऊंची खुर्ची त्या खिडकीखाली बाहेर नेऊन ठेवली आहे. तिच्यात आता कोणी बसत नाही, बायका तिच्यावर पाय देऊन आत चढतात. पाय पडला की ती करकरते, आणि केशवराव अजूनही दचकतात.