भिंत बचाव कृती समिती

अन्यायाविरुद्ध लढणाऱ्याला दूरदृष्टी लागते, असं विचारवंत म्हणतात. चष्मेवाल्यांच्या दुकानात ती तपासायचा तक्ताच टांगलेला होता: वर मोठी अक्षरं, खाली बारीक. त्यामुळे महिला फुटबॉलच्या राष्ट्रीय संघातून शहरातली गोलकीपर वगळल्याची बातमी येताच लढ्याचं नेतृत्व आपसूक त्यांच्याकडे आलं. (त्यांनी ते आधीच घेतलेलं होतं.)

या गोलकीपरला सगळे 'भिंत' म्हणत. निवड समितीने कारण दिलं होतं, "सदर खेळाडूचा खेळ प्रत्यक्ष पाहण्याची संधी समितीस मिळाली नाही."

"न बघता निकाल!" गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम टेकवत चष्मेवाले गरजले. "समितीतल्या तिघांनाही जाड भिंगं लागणार. फुकट देतो, म्हणावं!"

"अहो, पण तुम्ही तरी तिला खेळताना बघितलंय का?" गल्ल्यावरून बायकोने विचारलं.

"सूर्य उगवला हे सांगायला डोंगर चढावा लागतो का?"

"खिडकीपर्यंत तरी जावं लागतं," बायको म्हणाली.

'भिंत बचाव कृती समिती' स्थापन झाली. अध्यक्ष एक, उपाध्यक्ष अकरा (संघात तेवढेच असतात, असं कुणाच्या तरी वाचनात आलं होतं). फलकासाठी तिचा फोटो कुणाकडेच निघेना, म्हणून विटांच्या भिंतीचा लावला. "जिद्द कशी चेहऱ्यावरच दिसते," एक उपाध्यक्ष भारावून म्हणाले. समितीच्या पाहणीनुसार शंभरातले अठ्ठ्याण्णव नागरिक तिच्या पाठीशी होते. उरलेल्या दोघांनी "ती कोण?" असं विचारल्यामुळे त्यांची मतं बाद धरली.

एवढा रेटा पाहून निवड समिती नमली. रविवारी चार वाजता येऊन तिचा सामना बघू, ही यंदाची शेवटची संधी, असं समितीने कळवलं.

चष्मेवाल्यांचा ऊर भरून आला. इतक्या मोठ्या मनाच्या माणसांचे आभार नकोत मानायला? आभारसभा ठरली. रविवारी, चार वाजता. (तेव्हा सगळे मोकळे असतात. सामन्याची वेळही याच कारणाने ठरलेली होती.)

शनिवारी एक उंच मुलगी दुकानात आली. खेळताना चष्मा पडू नये म्हणून तिला मागून बांधायचा पट्टा हवा होता. ती 'भिंत'च होती. तिच्या डोक्यामागे माप घेता घेता चष्मेवाल्यांनी तिला तिच्यावरचा अन्याय सविस्तर समजावून सांगितला. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी तिचं डोकं सरळ धरलं. "हलू नकोस."

"काका, उद्या चारला मॅचला या ना," सुटका झाल्यावर ती म्हणाली. "कुणी आलं की बरं वाटतं."

"मॅच काय गं, होतच असतात! उद्या सभा आहे आपली. तूच ये. आणि इथे सही कर."

तिने केली. चष्मेवाल्यांनी ती वाचली नाही. सह्या मोजायच्या असतात.

रविवारी सभागृह तुडुंब भरलं. निवड समितीचे तिघे मैदानाकडेच निघाले होते. उपाध्यक्षांनी त्यांना वाटेत गाठून "पाचच मिनिटं" म्हणत व्यासपीठावर बसवलं आणि हातात पुष्पगुच्छ दिले. बारा भाषणं झाली. रस्त्यापलीकडच्या मैदानावरून शिट्टीचे आवाज येऊ लागले, तेव्हा वक्त्यांना व्यत्यय नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. (ठराव एकमताने.)

संध्याकाळी बायको घरी आली ती चपलांवर मैदानाची माती घेऊन.

"दोन पेनल्टी अडवल्या हो पोरीने! दुसरी तर एका हाताने. टाळ्या वाजवणारी मी एकटी, माझंच मला कसंतरी झालं. आणि पट्टा आपल्या दुकानातला होता!"

"आपला?" चष्मेवाले गोंधळले. "कुणी नेला होता?"

बायकोने त्यांच्याकडे नीट बघितलं. "चष्मा पुसा जरा," ती म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

सोमवारी निवड समितीचं उत्तर आलं. उत्कृष्ट पाहुणचाराबद्दल आभार मानून पुढे म्हटलं होतं, "सदर खेळाडूचा खेळ प्रत्यक्ष पाहण्याची संधी समितीस मिळाली नाही." संघ तिच्याविना रवाना झाला.

कृती समितीने याचा तीव्र निषेध केला असून आपल्यासारख्या जाणत्या वाचकांचा पाठिंबा गृहीत धरला आहे. पुढच्या रविवारीही चारला सामना आहे. प्रवेश मोफत. (सही करायची असल्यास दुकान सकाळी दहापासून उघडं असतं.)