टेलला माणूस लागतो

आमच्या इंदिरानगरच्या इमारतीत इंग्रजी चुकलं की लिफ्ट बंद पडते. म्हणजे, पगारे सर तिच्या दारात पाय घालून उभे राहतात. मालेगावच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेला हा माणूस. बाकी सगळ्या चुका माफ, पण 'से' आणि 'टेल' यांची अदलाबदल त्यांना सोसत नाही.

"बॉस टोल्ड दॅट..." असं मी एकदा फोनवर बोलून गेलो. सरांचा पाय दारात.

"कोणाला टोल्ड?"

"मलाच की, सर."

"मग तुम्ही कुठे आहात त्या वाक्यात? 'से' म्हणजे नुसतं म्हणणं, ते भिंतीपुढेही चालतं. टेलला माणूस लागतो, माणूस!"

चौथ्या मजल्यावरच्या वहिनी बटण दाबून दाबून शेवटी जिन्याने उतरल्या.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर कहरच झाला. सेक्रेटरी सोनवणे उठून म्हणाले, "चेअरमन सेड मी..." झालं! "'टोल्ड मी' म्हणा, नाहीतर 'सेड टू मी'!" सरांचा तास असा रंगला, की चेअरमन काय म्हणाले ते राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी पाणी येणार नाही, असं ते म्हणाले होते. सकाळी अख्खी इमारत बादल्या घेऊन सरांच्या दारात. पिंप भरून ठेवायची त्यांची मालेगावची सवय. सरांनी कोणाला नाही म्हटलं नाही, पण बादलीमागे एक वाक्य करून घेतलं. माझं दोनदा चुकलं. तोवर टॉवेल गुंडाळून उभा होतो.

गेल्या महिन्यात सर रिक्षातून एकटेच उतरताना दिसले. डोळ्यावर पट्टी, हातात औषधांची पिशवी. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आले होते.

"अहो सर, सांगायचं तरी! मी आलो असतो."

"ही होती तोवर..." सर एवढंच म्हणाले आणि पायाने पायरी चाचपायला लागले. मी हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

संध्याकाळी आम्ही नवरा-बायको जेवायला बसणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात सर, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं.

"उद्या सकाळी पट्टी काढायची आहे," ते म्हणाले. मग जरा घुटमळून, "तुम्हाला सांगायला आलो."

"मी खाली गाडी काढून थांबतो," मी म्हटलं.

सरांनी मान डोलावली, पण निघाले नाहीत. बायकोने तिसरं ताट घेतलं.