भर बाराची हाक

लिओनार्दोस मास्तरांनी आदल्या दिवशी कॉफीच्या दुकानात जाहीर करून टाकलं, की आपली घळ आता नकाशावर येणार म्हणजे येणारच! बोलून झाल्यावर त्यांचे त्यांनाच कान तापले. चारचौघांत एवढं मोठं वाक्य त्यांनी आयुष्यात एका दमात उच्चारलं नव्हतं.

पण घळ होतीच तशी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं मास्तर कोयता घेऊन ती वाट मोकळी करत होते. गावातून खाली ओढ्याला, ओढ्याकाठच्या चिनारांतून झऱ्यावर, आणि तिथून वर संत पारास्केवीच्या देवळीपर्यंत. त्या ग्रीक बेटाच्या पायवाटांच्या नकाशात तिला जागा मिळाली तर माणसं येत राहतील. नाही मिळाली तर दोन हिवाळ्यांत काटे तिला गिळून टाकतील, आणि मास्तरांच्या हातांत आता पुन्हा कोयता चालवण्याचं बळ नव्हतं. पाहणीला नकाशाच्या कचेरीतून थिओदोसियाबाई येणार होत्या, सोबत चार परदेशी पाहुणे.

निघताना बहीण मारुसोनं वाट अडवली.

"दादा, भर बाराला झऱ्यापाशी रेंगाळू नकोस. आणि नावानं कुणी हाक मारली तर ओ देऊ नकोस. तिथल्या पांढऱ्या बाया माणसाची वाचा काढून नेतात."

"मी तीन हजार पुस्तकं वाचली आहेत, मारुसो."

"त्यांनी नसतील वाचली."

झरा साडेदहाला गाठायचा होता. पण ओढ्यात एक खेकडा निघाला. चौघा पाहुण्यांनी त्याचे इतके फोटो काढले, की शेवटी खेकडाच कंटाळून दगडाखाली गेला. मग एका हिरव्या सरड्याला तोच मान मिळाला. झऱ्यापाशी पोचले तेव्हा सावल्या आक्रसून पायांखाली शिरल्या होत्या.

झाडांवरचे किडे सकाळपासून करवतीसारखे किरकिरत होते. ते एकाएकी थांबले. वाराही पडला. चिनारांखालचं पाणी काळं, गार आणि नको इतकं स्वच्छ दिसत होतं. पांढऱ्या बायांबद्दल मास्तरांनी पुस्तकांतही वाचलं होतं, पण तिथे प्रत्येक वाक्यापुढे 'असं म्हणतात' हे दोन शब्द असत. इथे त्यांचा काही आधार वाटेना. त्यांनी पाहुण्यांना घाईघाईनं पुढे घातलं आणि चढ धरला.

पाहुणे वळणाआड गेले. तेवढ्यात मागून हाक आली.

"लिओनार्दोस..."

मास्तरांच्या पाठीवरून थंड बोट फिरावं तसं झालं. गाव त्यांना मास्तर म्हणे, बहीण दादा म्हणे. नावानं हाक मारणारी त्यांची आई वीस वर्षांपूर्वीच मातीत गेली होती. वळून बघायचं नसतं हे ठाऊक असूनही ते वळले. झाडांच्या मुळांमध्ये, कमरेइतक्या पाण्यात, पांढऱ्या कपड्यांतली बाई उभी होती. ओले केस मोकळे. दोन्ही हात त्यांच्याकडे पसरलेले.

"लिओनार्दोस, इकडे या ना."

बाधा टळावी म्हणून मास्तर कॉलरीत तीनदा थुंकले, जीभ दातांखाली धरली आणि बकरीसारखे चढावर सुटले. तिसऱ्या हाकेत रडू होतं, की राग, ते ठरवायला थांबले नाहीत. पाहुण्यांनी काय झालं म्हणून खुणेनं विचारलं, तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. एखादा दुर्मिळ पक्षी असावा असं समजून चौघंही चवड्यांवर चालू लागले.

देवळीच्या ओट्यावर बसल्यावर मास्तरांचा श्वास जागेवर आला. मारुसोनं दिलेलं बटाट्याचं, सॉसेजचं जाड ऑम्लेट त्यांनी फडक्यातून सोडलं आणि सहा वाटे केले. पाच जणांनी पाच घेतले. एक उरला. मास्तरांनी माणसं मोजली, वाटे मोजले, पुन्हा माणसं मोजली.

सहावा वाटा झऱ्यात उभा होता.

चढायला लागला त्याच्या निम्म्या वेळात मास्तर खाली आले. थिओदोसियाबाई कशाबशा बाहेर निघून दगडावर बसल्या होत्या, पायात एकच बूट. पाणी तपासायला वाकल्या, घसरल्या आणि पाय मुळांत अडकला, एवढीच गोष्ट होती. टोपी वाहून गेली होती.

"कागदावर तुमचं नाव होतं, म्हणून नावानं ओरडले," त्या हळू, थरथरत म्हणाल्या. "तुम्ही वळलात. माझ्याकडे पाहिलंत. आणि निघून गेलात."

मास्तरांनी उरलेला ऑम्लेटचा वाटा पुढे केला. पांढऱ्या बायांच्या भीतीनं पाहुणीला पाण्यात सोडणारा वाटाड्या! हे खरं सांगितलं तर नऊ वर्षांची वाट आजच काट्यांत जाणार.

बाईंनी त्यांच्या पिकल्या केसांकडे पाहिलं, हातांतल्या ऑम्लेटच्या तुकड्याकडे पाहिलं, आणि बाईंचा चेहरा निवळला.

"अहो, तुम्हाला ऐकायला कमी येतं का?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला.

"काय?" ते म्हणाले.

महिन्याभरात घळ नकाशावर आली. खाली बारीक अक्षरांत सूचनाही आली, की वाटाड्या जाणकार आहे, मात्र ठार बहिरा आहे. आता येईल तो मास्तरांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतो, आणि मास्तर प्रत्येक प्रश्न इमानानं दोनदा विचारायला लावतात.

परवा अथेन्सचा एक गृहस्थ त्यांच्या अगदी शेजारी उभा राहून बायकोला मोकळेपणानं सांगत होता, "वाट झकास आहे गं, पण म्हातारा बोलायला लागला की झोप येते."

मास्तरांनी हसून मान डोलावली. करणार काय.