घोराची खुर्ची

आमच्या फुलचूरला, शेजारच्या अंगणात जामाच्या, म्हणजे पेरूच्या झाडाखाली एक लोखंडी घडीची खुर्ची आहे. पाहुणा तिच्यावर टेकायला लागला की टेंभुर्णे भाऊ विचारतात, "काही घोर आहे का जी? नसेल तर पायरीवर बसा."

हे भाऊ म्हणजे आमच्याकडचे मनाचे पहिले लेखक. मानसशास्त्र हा शब्द इकडे वेड्यांच्या डॉक्टरापुरताच होता, तेव्हा हा माणूस पोस्टातली नोकरी सांभाळून नागपूरच्या एका मासिकात दर महिन्याला 'मनाचा इलाज' लिहायचा. राग आला तर विहिरीवर जाऊन पाणी काढा, भीती वाटली तर तिला एक नाव द्या, असलं काहीबाही. मासिक कधीच बंद पडलं, भाऊ पडले नाहीत. आता मोबाइलवर कोणी कोटवाला पोरगा तेच सांगताना दिसला की म्हणतात, "हे आपण केव्हाच छापून मोकळे झालो."

'कसे आहात' हे त्यांच्या तोंडून येणार नाही. "तब्येत डॉक्टर पाहील, मन कसं आहे ते सांगा." दूधवाल्याला हेच आणि हेल्मेट नाही म्हणून अडवणाऱ्या पोलिसालाही हेच. त्या पोलिसानं मन बरं नाही म्हणून सविस्तर सांगितलं आणि मग चलान फाडलंच.

खुर्ची त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या लेखातली. घोराला घरभर हिंडू देऊ नका, बसायला जागा द्या. ठरल्या वेळी तिथं बसून पोटभर घोर करा आणि उठताना तिथंच ठेवून या. नियम एकच, बसलेल्याशी कोणी बोलायचं नाही. बोललं की घोर लाडावतो.

लिहून गप्प बसतील तर ते भाऊ कसले. कामठ्याच्या एका धान व्यापाऱ्याला त्यांनी आग्रहानं बसवलं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. "बाबूजी, टेन्शन तो साथ में आ गया, छाता यहीं रह गया." माझ्या लेकीचा बारावीचा निकाल होता तेव्हा मीही बसले. घोर कसला उतरतोय, जामावरचे मुंगळे पायावर चढले तशी उठून पळाले. भाऊ खूश, "पाहा, गेला ना?" मी मनातल्या मनात त्यांना जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ते स्वतः मात्र त्या खुर्चीवर कधी दिसले नाहीत. त्यांच्या बायकोला, कुसुमवहिनींना मी एकदा विचारलं. त्या पोळ्या लाटत होत्या. "यायले कायले पाहिजे खुर्ची? रोज सांजच्याले इथं ओट्यापाशी उभे राहून मलेच सांगत राहते. पोराची नोकरी, टाकीचं पाणी, दाढेचं दुखणं. मी हो हो म्हणतो अन् पोळ्या लाटतो."

यंदा वहिनींच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन ठरलं. भाऊ सोबत गेले आणि दुसऱ्याच दिवशी एकटे परत आले. वॉर्डातल्या झोपलेल्या पेशंटांना उठवून मन कसं आहे ते विचारत होते म्हणे. सिस्टर चिडल्या, मुलानं त्यांना गाडीत बसवून दिलं. ऐकून मला हसू आवरेना. भाऊ हसले नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडे पाहिलं तर भाऊ त्या खुर्चीवर. उठले, फाटकापर्यंत गेले, पुन्हा येऊन बसले. मांडीवर मोबाइल. हाक मारावीशी वाटली, पण नियम त्यांचाच. चहा करून नेला, खुर्चीजवळ ठेवला आणि तोंड मिटून परत फिरले.

"मीराबाई, बोला ना जी काही."

"आणि तुमचा लेख?"

"राहू द्या लेख. ते सगळे मी तिच्या भरवशावर लिहून राहिलो होतो."

मी पायरीवर बसले. त्यांचंच वाक्य तोंडात आलं. "मन कसं आहे, भाऊ?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नसावं. त्यांनी चहा उचलला, न पिताच खाली ठेवला. मग म्हणाले, "भेलं आहे जी. लय भीती भरली आहे." आणि मग जे सुरू झाले ते नागपूरहून मुलाचा फोन येईपर्यंत. गाठ काढली, आई ठीक आहे, एवढं ऐकल्यावर त्यांना रडू फुटलं. मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊंना चहा द्यायला गेले, तोच वहिनींचा फोन आला. भाऊंनी स्पीकर लावला. आवाज बारीक होता, पण प्रश्न नेमका.

"काल घोर कोणाले सांगितला जी?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "मीराबाईले."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. "आजचा मले सांगा."