फोटोत बरं हाय

चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपली की लोक मटणाच्या ओढीने घरी वळतात. आमच्या मजल्यावरचे इनासकाका मात्र बस पकडून नवे टॉवर बघायला निघतात. वसईतल्या पापडीपासून विरारपर्यंत एकही सॅम्पल फ्लॅट त्यांनी सोडलेला नाही. सोबतीला मी, कारण रविवारी मलाही घरात कोणी विचारत नाही.

घ्यायचं काही नसतं. दारातल्या प्लास्टरच्या रोमन खांबांना हात लावून काका विचारतात, "हे कशाला धरून उभे हायत?" आगाशीच्या वाटेवर एका इमारतीला नखशिखांत निळी काच आहे. आत शिजणाऱ्या रहिवाशांनी तिला वर्तमानपत्रं चिकटवलीत. दुसरीवर घुमट आहे आणि त्यात पाण्याची टाकी. सगळ्यांवर काकांचा शेरा एकच, "फोटोत बरं हाय." मी हसतो. मग आठवतं, याच खोक्यांसाठी वाड्या तोडल्या, विहिरी बुजवल्या, आणि त्यांत राहायला आम्हीच धावत आलो. स्वतःचाच संताप येतो.

शेवटी काका जिन्याच्या वळणावर दोन्ही हात पसरून उभे राहतात. परवा विरारला सेल्सची मुलगी कौतुकाने म्हणाली, सोफा, फ्रिज, सगळं वळतं अंकल.

"आन् मयताची पेटी?" काकांनी विचारलं.

आमच्याकडे वळत नाही. गेल्या वर्षी काकांची बायको, आमच्या रोझीकाकू गेल्या, तेव्हा पेटी ना लिफ्टमध्ये मावली, ना जिन्यातून चढली. घरात पेटीभोवती प्रार्थना करायची आणि तिथूनच माणसाला निरोप द्यायचा, ही इथली रीत. आम्ही काकूंना खुर्चीत बसवून, साडीने बांधून खाली उतरवलं. प्रार्थना पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मधे झाली. त्याच जागेवर पूर्वी काकांचं रुंद दारांचं बैठं घर होतं. इमारतीचं चित्र त्यांनीच पसंत केलं होतं. काकू नको म्हणत होत्या.

परतताना बसमध्ये काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "सावंत, माझी काळजी नको. कमीजास्त वाटलं तर मी आपला चालत खाली येऊन बसेन. तू फक्त सोबत ये."